जुन्या बाजारात अर्धवट विणलेली बॉबिन लेस मिळाली आहे. पुरी करावी की तशीच ठेवावी?

शेवंती
मंडळी, एका गोष्टीत तुमचं मत हवंय. जरा पाल्हाळ होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी बेल्जियममध्ये गेंटला राहते. सप्टेंबरपासून दर मंगळवारी संध्याकाळी बॉबिन लेसच्या वर्गाला जाते. वर्गात आम्ही अकराजणी, त्यात साठीच्या आतली मी एकटी. ही लेस होताना ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. मांडीवर किंवा टेबलावर एक घट्ट भरलेली उशी असते. तिच्यावर भोकं पाडलेला नमुन्याचा जाड कागद. प्रत्येक धागा एकेका लाकडी कांडीवर गुंडाळलेला. कांड्या जोडीजोडीने एकमेकींवरून टाकत जायचं आणि जिथे भोक असेल तिथे टाचणी खोचून वीण धरून ठेवायची. सुई नाही, क्रोशाचा हूक नाही, गाठही नाही.

गेल्या रविवारी इथल्या सेंट जेकब चर्चजवळच्या जुन्या बाजारात तांब्याच्या भांड्यांमागे एक उशी दिसली. निळं कापड चढवलेली, आणि वर लेस अर्धवट! टाचण्या खोचलेल्या, कांड्या एका फडक्यात बांधलेल्या. कुणा आजींचं घर रिकामं केलं त्यातली, एवढंच विकणाऱ्याला माहीत होतं. पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. पैसे दिले आणि लहान मूल आणावं तशी दोन्ही हातांनी धरून घरी आणली.

लेस जेमतेम तीन बोटं रुंद आहे. उशीच्या मागच्या पिशवीत सव्वा मीटर पुरी झालेली गुंडाळून ठेवली होती. चौकोनी जाळी, तिच्यात पाच पाकळ्यांचं फूल आणि दोन पानं, पुन्हा फूल, पुन्हा पानं. शेवटचं फूल तीन पाकळ्यांवर थांबलंय. कांड्या मोजल्या, १२७ भरल्या.

मी पाच महिन्यांची विद्यार्थिनी. आज हे मला जमणार नाही हे कळतं. पण शिकून दोन-चार वर्षांनी हे फूल पुरं करावं का? की आजींनी जिथे हात थांबवला तिथेच राहू द्यावं? रोज येता-जाता त्या तीन पाकळ्या दिसतात आणि मन दोन्हीकडे ओढलं जातं.

अण्णा_चिंचवड
फोटो टाका! तीन पाकळ्यांचा आधी.

कांडीवाली
शेवंती, तू कांडी शब्द वापरलास आणि मी थांबलेच. माझं बालपण सोलापुरात. आई घरी बसून कांड्या भरायची. मागावरच्या आडव्या धाग्याच्या. दुपारी गल्लीतून जाताना घराघरातून रहाटाचा आवाज यायचा. तुझ्या लेसमध्ये १२७ कांड्या एकाच वेळी कामाला असतात? आमच्याकडे धोट्यात एका वेळी एकच कांडी. एवढ्यांचा गुंता होत नाही?

माझं मत: पुरी कर. अर्धं कापड मागावर सोडलेलं मला बघवत नाही.

शेवंती
कांडीवाली, गुंता होत नाही, कारण कितीही कांड्या असल्या तरी एका वेळी हातात चारच असतात. दोन जोड्या. बाकीच्या उशीवर पंख्यासारख्या पसरून पडलेल्या असतात आणि आपली पाळी येण्याची वाट बघतात. आणि चाली फक्त दोन. मधल्या दोन कांड्यांपैकी डावी उजवीवरून टाकायची, हा छेद. मग प्रत्येक जोडीतली उजवी डावीवरून टाकायची, हा पीळ. छेद-पीळ-छेद केलं की कापडासारखी दाट वीण येते. छेद-पीळ एवढ्यावर थांबलं की विरळ, तिरक्या धाग्यांची. जगातली सगळी बॉबिन लेस या दोन चालींची आहे, हे पहिल्या दिवशी बाईंनी सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

शिगमो
अगो, हा तर गोफ! आमच्या काणकोणाकडे शिगम्याला वर टांगलेल्या रंगीत दोऱ्या एकेकाने धरायच्या आणि एकमेकांच्या आतून बाहेरून नाचत जायचं, वर आपोआप वेणी पडत जाते. मग ताल तोच ठेवून उलटं नाचलं की सगळा गोफ सुटतो. एक जण चुकला तर वर गाठ बसते आणि सगळे त्याच्याकडे बघतात. शेवंतीबाय, तुमच्यात नाचणारे माणसं नसून कांड्या आहेत इतकंच.

शेवंती
शिगमो, अगदी तसंच! चुकलं की आम्हीही उलट्या चाली करत मागे जातो. आधी छेद सोडवायचा, मग पीळ. वर्गात सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो. आता बाईंना गोफाचा व्हिडिओ दाखवणारच.

राजस_प
चौकोनी जाळी म्हणालात. भिंगातून बघा, जाळीचा प्रत्येक तंतू चार धाग्यांची वेणी आहे का? आणि फुलाच्या कडेने जाड धागा फिरवलाय का?

शेवंती
हो, बारीक वेणी आहे. जाड धागा कुठेच नाही.

राजस_प
मग ही व्हॅलेन्सिएन असण्याची शक्यता बरीच आहे. कडेने जाड चकचकीत धागा असता तर बेल्जियममधल्याच मेखेलेन गावची म्हटली असती. व्हॅलेन्सिएन हे गाव फ्रान्समध्ये, पण फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिथला धंदा बसला आणि काम फ्लँडर्सकडे, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या उत्तर भागाकडे सरकलं. एकोणिसाव्या शतकात ईप्र, ब्रूज आणि तुमच्या गेंटमध्येही ही लेस होत असे. चौकोनी जाळी ही ईप्रची खूण मानतात. म्हणजे आजी कुठल्याही असोत, त्यांचा नमुना तिथल्याच मातीतला आहे.

आणि १२७ हा आकडा मला खटकतो. धागे जोडीने लागतात ना? विषम संख्या कशी आली?

शेवंती
अरे हो! पुन्हा मोजल्या. १२७च.

डेव्हनकर
खूप दिवस नुसती वाचत होते, या चर्चेने बोलायला लावलं. मी इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात राहते, हॉनिटनपासून अर्ध्या तासावर. इथली लेस वेगळ्या पद्धतीची. सलग पट्टी करत नाहीत. एकेक फूल, एकेक पान सुटं करतात आणि मग जोडतात. व्हिक्टोरिया राणीच्या १८४० सालच्या लग्नाच्या पोशाखाची लेस समुद्रकाठच्या बीअर या गावात आणि आसपास झाली. दोनशेवर बायका कामाला होत्या. कुठलं फूल कुणाचं, हे आज कुणीही सांगू शकत नाही. म्हणून माझं मत कांडीवालीसारखंच: पुरी करावी. लेस ही पुष्कळ हातांची वस्तू आहे. ब्रसेल्सच्या लेसमध्येही फुलं एकीची, जाळी दुसरीची, जोडकाम तिसरीचं असे. एकीच्या हातून दुसरीच्या हाती काम जाणं ही तर या कलेची रीतच.

शेवंती, तुझ्या कांड्यांना मणी आहेत का? इथल्या मिडलंड भागातल्या कांड्यांना खाली तारेत ओवलेल्या मण्यांचं कडं असतं. वजनाने धागा ताणलेला राहतो आणि कांडी उशीवर गडगडत नाही. कांड्यांवर नावं, तारखा, प्रेमाचे शब्द ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले असतात. मुलाने मुलीला कोरलेली कांडी भेट द्यायची. ती दिवसभर तिच्या बोटांत फिरत राहायची.

अण्णा_चिंचवड
डेव्हनकर ताई, असला निरोप्या आमच्या वेळी मिळाला असता तर पत्र लिहायचे कष्ट वाचले असते.

शेवंती
मणी नाहीत. फ्लँडर्सच्या कांड्यांना खालच्या टोकाला लाकडाचाच फुगीर गोळा असतो, वजन त्यातच. माझ्या १२७ पैकी काहींचे गोळे हाताने इतके गुळगुळीत झालेत की लाकूड वाटत नाही.

उर्मी_जो
सगळे छान लिहीत आहात. पण मला इथे थोडं थांबवावंसं वाटतं. मी डोळ्यांची डॉक्टर आहे, त्यामुळे माझं लक्ष वेगळीकडे जातं. व्हॅलेन्सिएनच्या बायकांबद्दल जुन्या वर्णनांत येतं की दमट तळघरांत बसून त्या काम करत, कारण कोरड्या हवेत ते बारीक लिननचं सूत तुटे. तिशीच्या आतच अनेकींची नजर जायची. इंग्लंडमध्ये लेसच्या 'शाळा' होत्या, त्यात पाच-सहा वर्षांच्या मुली बसवत. ठरलेल्या वेळात ठरलेल्या टाचण्या झाल्या पाहिजेत म्हणून मोजणीची गाणी म्हणायला लावत. ती गाणी आज कौतुकाने गायली जातात. ती पोरींची गाणी नव्हती, ती कामाची छडी होती.

रीत, परंपरा, हातांची साखळी हे सगळं खरं. पण ती साखळी बहुतेकींनी निवडलेली नव्हती. तेव्हा "आजींचं अधुरं स्वप्न पुरं करू" असं कुणी म्हणायला लागण्याआधी विचारते: थांबणं हेच त्यांना हवं असेल तर?

डेव्हनकर
उर्मी, तू म्हणतेस त्यातलं एक अक्षर खोटं नाही. आणखी भर घालते. इथले लेसचे व्यापारी बायकांना रोख पैसे न देता आपल्याच दुकानातला माल द्यायचे, तोही चढ्या भावाने. हिवाळ्यात एका मेणबत्तीभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोळे ठेवत, त्यातून उजेडाचा झोत एकेकीच्या उशीवर पडे. जवळच्या जागा चांगल्या हाताच्या बायकांना, मागच्या रांगेत उजेड कमी. त्या शाळा बंद व्हायला १८६७चा कामाच्या ठिकाणांचा कायदा आणि १८७०चा शिक्षणाचा कायदा यावा लागला.

पण त्या बायका फक्त सोसणाऱ्या नव्हत्या. २५ नोव्हेंबरला सेंट कॅथरीनच्या दिवशी त्या सुट्टी घेत, केक करत, नाचत. तो सण त्यांनी आपला करून ठेवला होता. आमच्या गटात आजही त्या दिवशी सगळ्या उश्या कोपऱ्यात ठेवून फक्त खाणं होतं.

राजस_प
यंत्रांचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. जॉन हीथकोटने १८०९ साली बॉबिनच्या जाळीचं यंत्र पेटंट केलं. लेसकाम करणारीचे हात बघून त्याने एकेका धाग्याची वाट समजून घेतली. १८१६ साली लफबरोचा त्याचा कारखाना यंत्रफोड्यांनी उद्ध्वस्त केला, तेव्हा तो डेव्हनमधल्या टिव्हर्टनला गेला, म्हणजे हॉनिटनच्या शेजारीच. व्हिक्टोरियाच्या ओढणीवरची फुलं हाताची, पण ती ज्या जाळीवर बसवली ती यंत्राची. लोक ते विसरतात.

मला यात दुःख वाटत नाही. यंत्राने स्वस्त जाळी दिली आणि पोटासाठी डोळे फोडण्याचं काम हळूहळू संपलं. आज जी बाई उशी घेऊन बसते ती आपल्या मर्जीने. उर्मीताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच. शेवंतींनी केलं तर ते पहिल्यांदाच मोकळ्या हाताने होईल.

उर्मी_जो
राजस, हे पटलं. मात्र यंत्र आल्यावर लगेच सुटका झाली नाही. हातकामाचे दर पडले आणि त्याच पैशांसाठी जास्त तास बसावं लागलं. मधल्या दोन-तीन पिढ्या फार वाईट गेल्या.

कांडीवाली
उर्मी, हे सोलापूरच्या बाईला सांगायला नको. आईचे तास मी मोजलेत.

सातपाटी
अवांतर: पोर्तुगालमध्ये म्हण आहे की जिथे जाळी तिथे लेस. पेनिशी, व्हिला दो कोंदी ही मासेमारीची गावं आणि तिथेच ही लेस. पुरुष जाळी विणतात, बायका उशीवर. मी कोळीवाड्यात वाढलो, आजोबा जाळं दुरुस्त करत ओट्यावर बसलेले आठवतात, म्हणून ही म्हण मनात बसली. पोर्तुगीज तिथून कांडीला 'बिल्रो' म्हणत श्रीलंकेत गेले आणि गॉलकडच्या बायका आजही त्या लेसला 'बीरलू' म्हणतात. शब्दासकट काम रुजलं.

शिगमो
गोव्यात मात्र घराघरात क्रोशाच. माझ्या मावशीच्या ओलटारावरची (देव्हाऱ्यावरची) झालर क्रोशाची, टीव्हीवरचा रुमालही क्रोशाचा.

अण्णा_चिंचवड
भारतात ही उशीवरची लेस कुठेच झाली नाही का?

सातपाटी
झाली ना अण्णा. तमिळनाडूत, नागरकोविलला. १८२०च्या सुमारास मार्था मॉल्ट या लंडन मिशनच्या बाईंनी मुलींच्या शाळेत सुरू केली. लेस विकून आलेल्या पैशांवर मुली शिकल्या. ज्या घरातल्या बायकांच्या हाती कधी स्वतःचा पैसा पडला नव्हता, तिथे तो पडायला लागला. उर्मीताईंनी सांगितलेल्या शाळांची ही दुसरी बाजू. तेच काम, तीच उशी, पण मुलीला ते कुठे घेऊन जातं हे तिला काय मोबदला मिळतो यावर ठरतं.

उर्मी_जो
हे माहीत नव्हतं. मनापासून आभार.

मृदुला
मी स्लोव्हेनियात इद्रियाला जाऊन आले आहे. पाऱ्याच्या खाणीचं गाव. खाणीत नवरे, घरी बायका लेस करायच्या. तिथली लेसची शाळा १८७६ पासून चालू आहे आणि आजही शाळकरी मुलं तिथे येतात, मुलगेही. २०१८ मध्ये स्लोव्हेनियाची बॉबिन लेस युनेस्कोच्या यादीत आली. मी गेले तेव्हा एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा कांड्या इतक्या वेगाने टाकत होता की नुसता टकटक आवाज, पावसासारखा. त्याला कुणी छडी घेऊन बसवलं नव्हतं. जिभेचं टोक बाहेर काढून रमला होता.

बाकी, मूळ प्रश्न सगळे विसरले का? शेवंती, माझं मत: तशीच ठेव.

शेवंती
मृदुला, का गं? तुझं कारण ऐकायचंय.

मृदुला
कारण डेव्हनकर म्हणतात ते हॉनिटनला, ब्रसेल्सला लागू. तिथे तुकडे जोडतात. व्हॅलेन्सिएन ही सलग लेस. जाळी आणि फूल एकाच वेळी, त्याच धाग्यांनी, उशीवर होतं. हात बदलला की ताण बदलतो आणि तो दिसतो. म्हणूनच पहिल्यापासून शेवटपर्यंत 'एकाच हाताची' व्हॅलेन्सिएन जास्त भावाने जायची. सव्वा मीटर त्या आजींच्या एकाच हाताची आहे. शिकलीस तरी तुझा ताण तुझाच असणार. दोन पाकळ्यांसाठी त्यांचं ते 'एकाच हाताचं' पण जाईल.

डेव्हनकर
मृदुला, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. माझं मत मागे घेते. जोडलेसवरून मी सलग लेसबद्दल बोलून गेले.

कांडीवाली
मी नाही मागे घेत! भाव कुणाला करायचाय? विकायची थोडीच आहे?

नंदू_म
कुठल्या काळातली असेल? पहिल्या महायुद्धातली असू शकेल का? तेव्हा बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात असताना मदत समितीने सूत आत पाठवलं आणि तयार लेस बाहेर नेऊन विकली, असं वाचलंय.

राजस_प
ते खरंय. हर्बर्ट हूवरच्या (पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले ते) मदत समितीने वाटाघाटी करून तेवढी सवलत मिळवली होती. हजारो बायकांच्या घरी त्यावर चूल पेटली. त्या लेसमध्ये पुष्कळदा मित्रराष्ट्रांची मानचिन्हं विणलेली असत. शेवंतींच्या फुलापानांवरून मात्र साल सांगता येणार नाही. सूत सुती आहे की लिननचं हे बघा, थोडा अंदाज येईल.

शेवंती (तीन आठवड्यांनी)
मंडळी, काल उशी वर्गात नेली. ट्राममध्ये मांडीवर धरून बसले होते. समोरच्या बाईंनी स्वतःची पिशवी खाली ठेवून मला जागा मोकळी करून दिली.

बाईंनी उशी टेबलावर ठेवली आणि सगळ्या कामं सोडून भोवती उभ्या राहिल्या. कुणी हात लावला नाही. वर्गातल्या सर्वांत वयस्कर आजी, वय ८६, लहानपणी ईप्रजवळच्या खेड्यात आईकडून शिकल्या. त्यांनी चश्मा काढला, लेस नाकाशी धरली आणि म्हणाल्या, व्हॅलेन्सिएन. सूत सुती आहे. राजस, शाबास!

१२७ चंही कोडं सुटलं. बाईंनी भिंगातून तिसऱ्या पाकळीच्या मागे एक सुटं टोक दाखवलं, अर्ध्या नखाएवढं. धागा तुटला होता आणि त्याची कांडी कुठेतरी गळून पडली. तुटलेलं टोक बाकी सुतापेक्षा पांढरं होतं, म्हणजे तुटणं अलीकडचं. बहुतेक घर रिकामं करताना किंवा बाजारात. उशी ज्यांची, त्या आजींच्या हातून ते झालं नव्हतं. त्या उठल्या तेव्हा १२८ पुऱ्या होत्या, काम नीट मांडून ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं म्हणून ठेवतात तसं. हे ऐकल्यावर मला बोलता येईना.

मग मी सगळ्यांना तुमचाच प्रश्न विचारला. इथेही दोन पक्ष पडले, आणि मृदुला, तुझंच कारण वर्गातल्या त्या आजींनी दिलं, जवळजवळ त्याच शब्दांत. फूल पुरं करायचं नाही असं ठरलं. पण तुटलेला धागा तसा ठेवायचा नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. कांडीवाली, तेव्हा तुझं अर्धं तरी ऐकलंय.

आजींनी आपल्या डब्यातली एक जुनी कांडी काढली, तिच्यावर जुळणारं सूत गुंडाळलं आणि विणकरांची गाठ मारून सांधलं. शहाऐंशीव्या वर्षी, बोटं थरथरत असताना, पहिल्या प्रयत्नात. मागच्या गंजलेल्या पोलादी टाचण्या बाईंनी एकेक करून काढल्या, कारण गंज सुतात उतरतो. त्या जागची वीण बसलेली होती, हलली नाही. पुढच्या रांगेत जिथे टाचणी लागतेच तिथे पितळी घातल्या.

आणि नमुन्याचा कागद जपून उतरवून घ्यायचा, भोकं एकेक करून नव्या कागदावर टोचायची, हे काम मला दिलंय. फुलाची एक पुनरावृत्ती म्हणजे चारशेच्या वर भोकं. व्हॅलेन्सिएन शिकायला मला अजून तीन वर्षं तरी लागतील असं बाई म्हणतात. तेव्हा ती माझ्या उशीवर, माझ्या ताणाने, पहिल्या फुलापासून करायची.

कांडीवाली
आईला फोनवर वाचून दाखवलं. ती विचारतेय, विणकरांची गाठ म्हणजे आपण मागावर मारतो तीच का? दोन टोकं छेदून, एकाचा फास करून?

शेवंती
मावशींना सांग, तीच. हुबेहूब. मी व्हिडिओ काढलाय, आजींची परवानगी घेऊन पाठवते.

उर्मी_जो
शेवंती, दर वीस मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेर लांब बघायचं. उजेड डाव्या खांद्यावरून. भिंग वापरायला लाजायचं नाही. डॉक्टर म्हणून सांगते आहे.

अण्णा_चिंचवड
सध्या तुमच्या स्वतःच्या उशीवर काय चाललंय, तेही सांगा की.

शेवंती
अण्णा, टॉर्शनची, म्हणजे नवशिक्यांच्या साध्या बॉबिन लेसची पुस्तकखूण. बारा जोड्या, जाड सूत, साधी तिरकी जाळी आणि कडेला पंखे. पाच पंखे झाले, सात राहिले. झाली की पत्ता कळवा, ती तुम्हाला पाठवते. पहिला फोटो तुम्हीच मागितला होता.